ऐंशीच्या खाली

"सोनाजीभाऊंचं किती आलं?" डॉक्टर सबनिसांनी विचारलं.

"ब्याऐंशी," मी म्हणाले.

काचेच्या मापात पाणी चौऱ्याहत्तरच्या रेघेवर उभं होतं. ते मला दिसत होतं. धुण्याच्या खोलीला अर्धी काच होती आणि काचेपलीकडच्या खाटेवर सोनाजी इंगळे माझ्याकडे तोंड करून पडले होते. त्यांनाही ते दिसत असणार, ही धास्ती मला होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि तोवर खोटं बोलले असेन ते फक्त आईशी.

साल एक्क्याण्णव, जूनचा शेवटचा शनिवार, गाव अकोला. पण असं मधूनच सांगून चालायचं नाही, मागचं थोडं सांगायला हवं.

एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसची दोन मशीनं होती आणि ती चालवणारी मी, नलिनी भटकर. नागपूरला सहा महिने शिकून आलेली आणि त्या सहा महिन्यांचा वाजवीपेक्षा जास्त तोरा असलेली. सहा रोगी होते. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं. आठवड्यातून दोनदा त्यांचं रक्त बाहेर काढायचं, गाळायचं आणि परत त्यांच्याच अंगात सोडायचं. हे गाळण्याचं काम करणारं वीतभर लांबीचं प्लॅस्टिकचं नळकांडं असे, फिल्टर म्हणायचो आम्ही. आत केसाएवढ्या बारीक हजारो पोकळ दोऱ्या. ते परदेशातून यायचं आणि महाग असायचं, म्हणून एकदा वापरून फेकण्याची चैन आम्हाला परवडत नव्हती. ते धुवायचं, औषधात भरून ठेवायचं आणि त्याच रोग्याला पुन्हा लावायचं. प्रत्येकाच्या फिल्टरवर त्याच्या नावाची चिठ्ठी. एकाचा दुसऱ्याला कधीही नाही, सख्ख्या भावाचा भावालाही नाही.

प्रत्येक वापराला आतल्या काही दोऱ्या गच्च होऊन बंद पडायच्या. किती उरल्या हे कळायला मी आत पाणी भरायची आणि ते मापात काढायची. नव्यात शंभर मावायचं. ऐंशीच्या खाली गेलं की फिल्टर बाद, कारण मग रक्त नीट गाळलं जात नाही आणि विष व पाणी अंगातच राहतं. ज्याला नवा मिळेल त्याने पुढच्या खेपेला पेढे आणायचे, अशी एक पद्धत पडली होती. कुणी पाडली देव जाणे. पेढा त्यांना वर्ज्य, म्हणून जो तो नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवायचा आणि उरलेला मला द्यायचा. तिथल्या पहिल्या दोन वर्षांत माझं वजन सहा किलोंनी वाढलं ते असं.

सोनाजीभाऊ बार्शीटाकळीचे. एकतीस वर्षं अकोल्याच्या कापूस बाजारात मापाडी होते, म्हणजे काट्यावर उभं राहून वजन पुकारणारे. एका व्यापाऱ्याने एकदा शेतकऱ्याचं माप मारायला पारड्यावर पाय ठेवायला सांगितला, तर हे काटा तसाच सोडून लिंबाखाली जाऊन बसले आणि दोन दिवस बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सगळे मापाडी त्यांच्या शेजारी बसलेले. हे मला त्यांनी नाही, दवाखान्याच्या वॉचमनने सांगितलं. आमच्या वजनकाट्यावर चढायच्या आधी ते दर खेपेला म्हणायचे, "ताई, काटा आंधी शून्यावर आना." आणि मी काचेआड माप घ्यायला लागले की खाटेवरून आवाज यायचा, "डोया खाली घ्या ताई, पान्याच्या बराबर. वरून पाह्यलं का माप नेहमी जास्तच दिसते."

मला राग यायचा. नागपूरला शिकलेल्या बाईला बाजारातल्या मापाड्याने शिकवावं! पण बरोबर त्यांचंच असायचं.

शेजारच्या मशीनवर कुंदा गावंडे. तेवीस वर्षांची, मूर्तिजापूरची, डी.एड. अर्धवट सोडून आलेली. वडील नव्हते. आई सुमनबाई तिला आपलं एक मूत्रपिंड देणार होती आणि मुंबईच्या एका दवाखान्याने बारा जुलै ही तारीख दिली होती. तिथल्या डॉक्टरांची अट होती, की तोवर रक्त स्वच्छ राहायला हवं. रिपोर्ट बिघडला तर तारीख गेली, आणि पुढची दिवाळीनंतर. कुंदा दिवाळीपर्यंत टिकेल असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं. तिलाही नाही.

आणि त्याच उन्हाळ्यात फिल्टर यायचे बंद झाले.

मुंबईचा आमचा डीलर पारेख फोनवर रडायचा. माल बंदरात आलाय मॅडम, पण देशाकडे डॉलर नाहीत, बँक म्हणते मालाच्या दुप्पट पैसे आधी आमच्याकडे ठेवा, मग कागद देऊ. डॉक्टर सबनीस मूळ पुण्याचे, शिस्तीचे. ते रोज पेपर वाचून आम्हाला सगळ्यांना समजावून सांगत, जणू आम्ही संसदेत बसणार होतो. "गंगाजळी आटलीय. दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलंय. आता नाणेनिधीकडून कर्ज घ्यायचं, म्हणजे ते सांगतील तसं घर आवरावं लागणार. आयात आवळा, खर्च कापा, रुपया उतरवा."

"कोनाचं घर आवरून राह्यले म्हनता?" सोनाजीभाऊंनी विचारलं. त्यांच्या हातात दोन जाड सुया होत्या आणि रक्त नळीतून फिरत होतं.

"आपलंच की."

"मंग आपल्याले इचारलं काय कोनी?"

डॉक्टर हसले. कुंदाही हसली. मी पण.

जून संपत आला तेव्हा कपाटात एकच नवा फिल्टर उरला. डॉक्टरांनी सगळ्या रोग्यांसमोर नियम सांगितला. ज्याचं माप आधी ऐंशीच्या खाली जाईल, त्याला तो. वय नाही, ओळख नाही, रडणं नाही. "आकडा ठरवेल, माणूस ठरवणार नाही." मला तो नियम फार आवडला होता. जोवर आकडा काढणारी मीच आहे हे ध्यानात आलं नव्हतं, तोवर.

शुक्रवारी संध्याकाळी सुमनबाई माझ्या घरी आल्या. डॉक्टरांकडे आधी जाऊन आल्या होत्या, त्यांनी नियम सांगून परत पाठवलं होतं. आईने चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. उंबऱ्यातच बसल्या. हातात काही आणलं नव्हतं, आणि तेच बरं झालं. आणलं असतं तर मी चिडले असते आणि सुटले असते.

"मी तिले माह्या पोटातलं काढून देऊन राह्यली, पोरी," त्या म्हणाल्या. "तू एक नळकांडं दे."

"काकू, ते माझ्या हातात नाही."

"तुह्याच तं हातात हाय."

रात्रभर मी हिशेब केला. मंगळवारी माल नक्की देतो, असं पारेखने सांगितलं होतं. सोनाजीभाऊ आणि कुंदा दोघांचा वार बुधवार-शनिवार. शनिवारी नवा फिल्टर कुंदाला दिला आणि मंगळवारी खोकं आलं, तर बुधवारी सोनाजीभाऊंनाही नवाच लागणार. म्हणजे कुणाचं काहीच जाणार नव्हतं. साप मरणार आणि काठीही शाबूत. आपण किती शहाणे आहोत असं वाटून मला झोपही लागली.

शनिवारी दोघांचं डायलिसिस झालं. मी दोन्ही फिल्टर धुतले. कुंदाचा भरला ब्याऐंशी. सोनाजीभाऊंचा चौऱ्याहत्तर. वहीत मी आकडे उलटे लिहिले, आणि मग डॉक्टर आले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला.

"ब्याऐंशी," मी म्हणाले. "कुंदाचं चौऱ्याहत्तर."

डॉक्टर कुंदाच्या खाटेपाशी उभे होते. तिच्या हातातली सुई काढल्यावर रक्त थांबत नव्हतं, म्हणून ते बोटाने जागा दाबून धरून होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी सुमनबाई त्यांच्याकडेही येऊन गेल्या होत्या, हे मी विसरले होते. ते विसरले नव्हते.

"भटकर, मापात पाणी आहे अजून?"

"आहे."

"मग ते सोनाजींना दाखवा. त्यांचं माप त्यांनी बघावं. त्यांच्या डोळ्यावर माझा तुमच्यापेक्षा भरवसा आहे." हे ते थट्टेत म्हणाले, पण बोट न काढता माझ्याकडेच बघत राहिले.

खोलीपासून त्या खाटेपर्यंत अकरा पावलं होती. माप सांडून टाकावं, ठेच लागल्यासारखं करावं, हे सगळं डोक्यात येऊन गेलं, पण माझे हात एरवी कधी न राहतील इतके स्थिर राहिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार होती. कुंदा बघत होती. दारात सुमनबाई बघत होत्या.

सोनाजीभाऊ उठून बसले. त्यांनी माप हातात घेतलं, खिडकीकडे उजेडात धरलं, मान खाली घेतली आणि डोळा पाण्याच्या बरोबर आणला. बाजारात काट्याच्या बरोबर आणत असतील तसाच. पाणी डुलायचं थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग आणखी थोडा वेळ पाहिलं. मला वाटलं, आता हे पुकारणार. त्यांच्या जागी कुणीही पुकारलं असतं. तो फिल्टर म्हणजे त्यांचा श्वास होता.

"ब्याऐंशी," सोनाजीभाऊ म्हणाले. "भरून हाय."

आणि माप माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.

सोमवारी संध्याकाळी रेडिओवर बातमी आली, रुपया उतरवला. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मंगळवारी सकाळी कळलं. पारेख म्हणाला, "मॅडम, काल जे पैसे वीस फिल्टरचे होते ते आज वीसचे नाहीत. बँक जादा रक्कम मागते, मी ट्रस्टकडे मागतो, ट्रस्ट मला उद्या या म्हणतो." मी म्हटलं, माणूस मरेल. तो म्हणाला, "माझ्याकडे असे चाळीस दवाखाने आहेत मॅडम." आवाजात खोटेपणा नव्हता. बुधवारी दुष्काळात तेरावा महिना यावा तसा रुपया दुसऱ्यांदा उतरवला, आणि बँकेने त्याचे कागद पुन्हा परत पाठवले.

मी खिडकीत उभी राहून डोक्यातल्या डोक्यात दिल्लीला शिव्या दिल्या. पण खोकं येणार, या भरवशावर दुसऱ्याचा श्वास पणाला लावला होता तो दिल्लीने नव्हे.

बुधवारी दोघंही आले. कुंदाला नवा फिल्टर लावला आणि सोनाजीभाऊंना चौऱ्याहत्तरचा. सुमनबाईंनी पेढे आणले होते. एरवी पावशेर आणतात, त्यांनी किलोभर आणले होते. खाटाखाटांवरून फिरत त्या सोनाजीभाऊंपाशी आल्या. मी मशीनची बटणं पुसायला लागले. पुसलेलीच पुसत होते.

"घ्या भाऊ, पोरीच्या नव्या नळकांड्याचे."

सोनाजीभाऊंनी आख्खा पेढा घेतला. नखाएवढा नाही, आख्खा. तोंडात टाकला आणि सावकाश खाल्ला.

"गोड हाय," ते म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "डाक्टरसाहेब, रुपया हलका केला म्हन्ते. कोनाच्या काट्यावर मोजला?"

कुंदा हसत सुटली. त्या दिवशी तिचा रंग जरा बरा दिसत होता.

संध्याकाळी मी त्यांचा फिल्टर मोजला. सहासष्ट. वहीत मी काहीच लिहिलं नाही. खोटं लिहवेना आणि खरं लिहायची छाती नव्हती. मी त्यांच्यामागे बसस्टँडपर्यंत गेले. ते बसमध्ये खिडकीशी बसले होते. मी खाली उभी राहून "भाऊ," एवढंच म्हणाले. त्यांनी काच ओढून घेतली.

शनिवारी सकाळी ते आले ते वॉचमनच्या खांद्यावर हात टाकून. तीन रात्री बसून काढल्या होत्या, आडवं झालं की श्वास कोंडत होता. पाय सुजून चप्पल मावत नव्हती. काट्यावर चढले. साडेचार किलो वाढ, सगळं पाणी. धापा टाकतानाही म्हणाले, "शून्यावर हाय ना?"

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

"गेल्या शनिवारी सोनाजीभाऊंचं माप चौऱ्याहत्तर होतं. वहीत मी कुंदाचा आकडा त्यांच्या नावावर लिहिला आणि त्यांचा कुंदाच्या. बुधवारी सहासष्ट झालं."

डॉक्टरांनी हातातला पेपर खाली ठेवला. "पण त्यांनी स्वतः पाहिलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"ते चुकीचं वाचतील?"

"नाही."

त्यांचा चेहरा बघवेना. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. पेपर उचलून त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकला, पुन्हा उचलून टेबलावर ठेवला. "दुसरा फिल्टर नाही. तोच लावा. चार तासांऐवजी सहा तास, हळूहळू. मशीनपासून उठायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा. गुठळी झाली तर त्यांचं सगळं रक्त त्या नळीत अडकेल. तुमचं काय करायचं ते मी नंतर ठरवीन."

मी सहा तास स्टुलावर बसले. आयुष्यातले सगळ्यात लांब सहा तास ते. पहिला तास गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात मशीनवरचा दाबाचा काटा वर सरकू लागला, म्हणजे आत दोऱ्या बंद पडत होत्या. फिल्टरच्या एका टोकाला रक्त काळपट दिसायला लागलं. मी सलाईन सोडून तो धुतला, हाताने चोळला, बोटांनी टिचक्या मारल्या. काटा खाली आला, आणि दहा मिनिटांनी पुन्हा चढला. पुन्हा धुतला. शेजारच्या खाटेवर कुंदाचं चार तासांचं संपलं, ती सगळ्यांचा निरोप घेऊन गेली. सोमवारच्या गाडीने मायलेकी मुंबईला निघणार होत्या. जाताना ती सोनाजीभाऊंच्या पाया पडली. त्यांनी मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "परत येऊ नको इथं," ते म्हणाले, "मास्तरीन हो."

मग खोलीत आम्ही दोघंच उरलो. मशीनची घरघर.

"का बोललात तुम्ही ब्याऐंशी?" मी विचारलं. मला काट्यावरची नजर हलवायची नव्हती, ते एका परीने बरंच होतं.

त्यांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपले.

"पोरगी आयकून राह्यली होती," ते म्हणाले. "मी खरं पुकारलं असतं तं तिले समजलं असतं का आपल्यासाठी मापात खोट केली. मंग तिनं तो लावूनच घेतला नसता. तशी हाय ते. अन् तुमची नोकरी गेली असती. मंग मशीन कोन चालोवते?"

"भाऊ, मला वाटलं मंगळवारी माल येईल. मला वाटलं तुमचं काही..."

"एकतीस वर्स," त्यांनी माझं बोलणं तोडलं. आवाज चढवायचा दम नव्हता, तरी चढवला. "एकतीस वर्स काट्यावर उभा राह्यलो. एक माप खोटं नाही पुकारलं. तुमी पुकाराले लावलं."

मी रडायला लागले. हात फिल्टरवर होते म्हणून डोळे पुसता येत नव्हते.

"रडू नका, काटा पाहा," ते म्हणाले. श्वास मोजून घेतल्यासारखे घेत होते. "तुमाले काय वाटलं? मी नाही म्हटलं असतं? सत्तावन वर्साचा मी, बायको गेली, पोरगं त्याच्या घरी सुखी. त्या दिवशी मापाआंधी तुमी मले इचारलं असतं, भाऊ, एक खेप जुन्यावर काढता काय पोरीसाठी? मांगलं असतं तं मी हासत देलं असतं, ताई. तुमी मले देऊच देलं नाही. माह्याच खिशातून काढलं अन् मलेच दाखोवलं का खिसा भरून हाय."

काटा पुन्हा चढला. मी धुतलं, चोळलं, टिचक्या मारल्या.

पाचव्या तासाच्या शेवटी फिल्टरचं अर्धं अंग काळं पडलं. मी डॉक्टरांना हाक मारली. दोघांनी मिळून होतं तेवढं रक्त त्यांच्या अंगात परत घातलं आणि मशीन थांबवलं. साडेचारातले पावणेतीन किलो उतरले होते. ते आडवे झाले आणि श्वास कोंडला नाही. डॉक्टर खुर्चीत मटकन बसले. तो फिल्टर आता मोजायचीही गरज नव्हती, तरी मी मोजला. एक्केचाळीस. वही खाटेपाशी नेली, मागच्या शनिवारचे दोन्ही आकडे त्यांच्यासमोर खोडले, खरे लिहिले, बुधवारचा सहासष्ट लिहिला आणि त्याखाली एक्केचाळीस. त्यांनी माप मागून घेतलं, डोळ्याशी धरलं आणि मान हलवली.

सोमवारी कुंदा गेल्यावर कपाटात तिचा फिल्टर राहिला. दोनदाच वापरलेला, सत्याण्णव भरणारा. नावाच्या चिठ्ठीसकट मला तो फेकून द्यावा लागला. फेकताना किती वेळ हातात धरून उभी होते ते सांगत नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते. बारा तारखेला मुंबईत कुंदाचं ऑपरेशन झालं आणि सुमनबाईंचं मूत्रपिंड तिच्या अंगात रुजलं. ती मास्तरीण झाली, आता निवृत्तीला आली आहे. दर दिवाळीला तिचं कार्ड येतं, त्यात सोनाजीकाकांची आठवण असते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी मला काढलं नाही. मशीन चालवणारं दुसरं कुणी नव्हतं, हे सोनाजीभाऊंचं म्हणणं खरंच ठरलं. मात्र त्या दिवसापासून प्रत्येकाचं माप प्रत्येकाच्या खाटेपाशी नेऊन त्याला दाखवायचं, असा नियम झाला. सोनाजीभाऊ त्यानंतर सोळा महिने जगले. सोळा महिने मी आठवड्यातून दोनदा ती अकरा पावलं चालले.

पण मला सांगायचं आहे ते कुंदा गेली त्याच आठवड्यातल्या बुधवारचं. सकाळच्या गाडीने खोकं आलं. पैसे वीसचे भरले होते आणि फिल्टर आले सोळा, बाकीचे चार त्या उतरवलेल्या रुपयाने खाल्ले. मी स्टेशनवरून रिक्षात खोकं मांडीवर घेऊन आले. पहिल्यावर सोनाजी इंगळे अशी चिठ्ठी लावली. त्यांना तो लावला, चार तास काटा जागचा हलला नाही.

संपल्यावर त्यांनी पिशवीतून पुडा काढला. पेढे. खरं तर पेढे पुढच्या खेपेला आणायचे असतात. माल आज येणार हे त्यांना डॉक्टरांनी वॉचमनकरवी कळवलं होतं, म्हणून ते बसस्टँडवरूनच घेऊन आले होते. वॉचमनला दिला, डॉक्टरांना दिला, झाडणाऱ्या बाईला दिला. सगळ्यांच्या हातावर सरळ ठेवला, कुणाला घेता का म्हणून विचारलं नाही. पेढा देताना कोण विचारतं?

मग ते काचेच्या दाराशी आले. मी फिल्टर धूत होते, हात कोपरापर्यंत ओले. पुड्यात एकच उरला होता. मी तळहात पुढे केला. त्यांनी पेढा बोटांत धरून ठेवला, हातावर ठेवला नाही.

"ताई," ते म्हणाले, "देऊ काय?"

मी दुसऱ्या हाताने नळ बंद केला.

"इचारून राह्यलो," सोनाजीभाऊ म्हणाले. "नाही म्हनाची मुभा हाय तुमाले."

ते उत्तराची वाट बघत उभे राहिले. बाजारात काटा स्थिर होईपर्यंत थांबत असतील, तसे. मला "हो" म्हणायला फार वेळ लागला.